थेंबातलं जास्वंदीचं फूल

अळवावरचं पाणी टिकत नाही, असं आपण म्हणतो. पण ते घरंगळायच्या आधी कधी नीट पाहिलंय का? अळूच्या पानावर मेणाचा बारीक, खरबरीत थर असतो. म्हणून पाणी पसरत नाही, मोत्यासारखं गोल राहतं. अशा थेंबांचे फोटो आम्ही घरातच, साध्या मोबाइलवर काढतो. ते कसे, ते सांगतो.

सकाळी उजेडात, खिडकीशी बसा. पंखा बंद करा. थेंब थरथरला की फोटो बिघडलाच! वाटीभर ओल्या मातीत दूर्वेची काडी रोवा. तिच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लावा. थेंबामागे चार बोटांवर जास्वंदीचं फूल ठेवा. मोबाइल अर्धी वीत लांब, कशाला तरी टेकवून धरा. मग पडद्यावर दिसणाऱ्या थेंबाला बोट लावा.

आता बघा. एवढ्याशा थेंबात अख्खं फूल मावलंय, पण उलटं! थेंब फुगीर असतो. त्यातून जाताना उजेड वळतो. वरचा खाली जातो, खालचा वर येतो. पाणी लवकर सुकतं, म्हणून आम्ही त्यात थोडं ग्लिसरीन घालतो. ते औषधाच्या दुकानात मिळतं.

फुगीर थेंब म्हणजे भिंगच की. जुना मोबाइल पालथा ठेवा. कॅमेऱ्याच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा साध्या पाण्याचा थेंब सोडा. पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नका हं. मोबाइल हळूच उलटा करा, थेंब लोंबून राहतो. मग फूल अगदी जवळ न्या, बोटभर रुंदीच्याही आत. परागाचे पिवळे कण मण्यांसारखे दिसतात. काम झालं की काच मऊ कापडानं पुसा.

हॉलंड देशात डेल्फ्ट गावी लीवेनहोक नावाचा कापडाचा व्यापारी होता. तो कधी विद्यापीठात गेला नाही. त्यानं स्वतः घासून इवलीशी भिंगं केली. 1674 च्या सुमारास त्यातून तळ्याचं पाणी पाहिलं, तर त्यात बारीक जीव वळवळत होते! ही बातमी त्यानं लंडनच्या विद्वानांना पत्रानं कळवली, तीही आपल्या मायबोलीत.

आमच्या दारची जास्वंद कळ्या गाळत होती. खत घातलं, पाणी वाढवलं, काही उपयोग नाही. शेवटी थेंबाचं भिंग लावून कळीचा देठ पाहिला. देठाला हिरवा मावा चिकटलेला, सोंड खुपसून रस पीत होता. नुसत्या डोळ्यांना ती धूळच वाटे. रोज सकाळी पाण्याची जोरदार धार मारून आम्ही तो धुऊन काढला. अजून चार दिवसांनी एकदा थेंब लावून देठ बघतो.