दोन भेटींमधला आजार



मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस.) ओपीडीत फार थोडा वेळ दिसतो. रुग्ण सहा महिन्यांनी येतो. न्यूरॉलॉजिस्ट त्याला चालायला लावतात, डोळे आणि पायांतली ताकद तपासतात, एमआरआय बघतात आणि फाइलमध्ये एक आकडा लिहितात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करणारा हा आजार पुढचे सहा महिने घरीच असतो. अनेकदा ठळक झटका न येताही तो पुढे सरकतो. पुढच्या भेटीत रुग्ण एवढंच सांगतो, "हल्ली लवकर दमायला होतं."

फाइलमधला तो आकडा ईडीएसएस या अपंगत्वाच्या मोजपट्टीचा. जॉन कर्टझके यांनी १९८३ मध्ये आजच्या रूपात मांडलेली ही मोजपट्टी ० ते १० अशी, अर्ध्या-अर्ध्या गुणाने चढते. ४च्या पुढे ती मुख्यतः चालणंच मोजते. ६ म्हणजे साधारण १०० मीटर चालायला एका काठीचा आधार. काठी घेतलेल्या बाईची बोटं वर्षभरात इतकी मंदावू शकतात की ब्लाउजचे हुक लावायला मुलीला हाक मारावी लागते; फाइलमध्ये मात्र ६ तसाच राहतो. तिच्या दृष्टीने त्या वर्षात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट नोंदलीच जात नाही.

ही नोंद फोन करू शकतो. रोश कंपनीच्या फ्लडलाइट अ‍ॅपमध्ये पडद्यावर टोमॅटो उमटतात. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ते चिरडायचे. ३० सेकंदांत किती चिरडले आणि दोन्ही बोटं किती वेळाच्या फरकाने टेकली, हे फोन टिपतो. काही मीटर चालून वळायचं, पुन्हा वळायचं. वळण्याचा वेग फोनमधले सेन्सर मोजतात. चिन्हं आणि आकडे यांची जोडी लावण्याची चाचणी विचारांचा वेग दाखवते. बार्सिलोना आणि सॅन फ्रान्सिस्को इथे ७६ रुग्ण आणि २५ निरोगी व्यक्तींनी २४ आठवडे हे अ‍ॅप वापरलं. रुग्णांनी सरासरी सुमारे ७० टक्के आठवड्यांत चाचण्या नियमितपणे केल्या, आणि घरच्या मोजमापांचा दवाखान्यातल्या तपासण्यांशी मेळ बसला.

पण तिथे रुग्णाच्या मागे संशोधकांची टीम उभी होती. ती नसेल तर काय होतं, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसतं. अमेरिकेतल्या ८ अ‍ॅप-अभ्यासांतले एक लाखाहून अधिक लोक त्यात होते, एम.एस.चा एलिव्हेटएमएस हा अभ्यासही होता. सहभागाचा मध्यक किती? ५.५ दिवस. ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं, त्यांच्यात मात्र हा मध्यक ४० दिवसांनी वाढला. या परिषदेने आज एवढी एक गोष्ट मनावर घेतली तरी पुष्कळ झालं. रुग्णाला रोज टोमॅटो चिरडायला सांगायचं आणि पुढच्या भेटीत तो आलेख उघडायचाही नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे. आधीच थकलेल्या माणसाकडून ते काम करून घेतलेलं असतं.

आलेख वाचायलाही डॉक्टरच हवा. विल्हेल्म उथॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी गोष्ट या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे: शरीराचं तापमान वाढलं की एम.एस.ची लक्षणं तात्पुरती बळावतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडचा रुग्ण दुपारी चाचणी करील तेव्हा त्याची चाल मंद दिसेल. आजार वाढला असं समजून घरातले घाबरतील, रात्रभर कुणाला झोप लागणार नाही. म्हणून रोज सकाळी, ठरलेल्या वेळी चाचणी करायची, आणि एका वाईट दिवसावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे सुरुवातीलाच समजावून सांगायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत आकडे सुधारतात, ते बहुधा सरावामुळे. त्याचाही गैरसमज होतो.

एम.एस. हा गोऱ्या लोकांचा, थंड देशांचा आजार, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचं १९९०च्या सुमारास दाखवून दिलं. आपल्याच शहरांत हे काम झालं असताना आपल्या रुग्णांनी परक्या भाषेतल्या सूचना वाचत चाचण्या द्याव्यात, हे पटत नाही. सूचना मराठीत आणि बोलून सांगितलेल्या हव्यात. नजर धूसर झालेल्या रुग्णाला बारीक अक्षर वाचता येत नाही.

माहितीच्या मालकीचा प्रश्नही आजच सोडवावा लागेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एम.एस.चा समावेश आहे, तरी नोकरी जाण्याच्या भीतीने आजार लपवणारे रुग्ण आहेत. त्यांच्या चालीचा आलेख नोकरी देणाऱ्या कंपनीच्या किंवा विमावाल्यांच्या हाती जाणार नाही, याची लेखी हमी मिळाल्याशिवाय डॉक्टरांनी कोणतंही अ‍ॅप सुचवू नये.

सुरुवात लहान असली तरी चालेल. निदान होताच, हातपाय चांगले चालत असतानाच, पहिली मोजमापं घ्यावीत. ओपीडीतल्या एका नर्सने किंवा फिजिओथेरपिस्टने रुग्णाला समोर बसवून चाचणी शिकवावी. महिन्यातून एकदा आलेख बघणाऱ्या व्यक्तीचं नाव केसपेपरवर लिहिलेलं असावं, आणि त्या व्यक्तीने रुग्णाला फोन करावा.