घरफोडीनंतरचे दिवस



घरफोडी कशी टाळावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. कुलूप कोणते घ्यावे, दागिने कुठे ठेवावेत, याच्या सूचना दर उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याला ऐकायला मिळतात. परंतु लग्नाहून किंवा गावाहून परत यावे आणि दाराचा कडी-कोयंडा उचकटलेला दिसावा, तर त्या घराने पुढे काय करावे आणि आपण शेजाऱ्यांनी कसे वागावे, यावर फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही हाच विषय घेतला आहे. चोराने नेले ते नेले. पण चोर गेल्यावर आपल्याच हातांनी आपण आणखी बरेच काही घालवून बसतो. ते थांबवणे आपल्या हातात आहे.

दार उघडे दिसले तर एकट्याने आत शिरू नये. शेजारच्यांना हाक मारावी, 112 क्रमांकावर कळवावे. आत कपाटातले कपडे जमिनीवर, धान्याचे डबे पालथे, असे दृश्य असते. आपल्या आयाबहिणींचा हात आधी केरसुणीकडे जातो, कारण परक्याने उचकलेले घर पाहवत नाही. पण पंचनामा होईपर्यंत काही आवरू नये. कपाटाचा पत्रा, स्टीलचा डबा, आरशाची काच, यांवर हाताचे ठसे असू शकतात. आवराआवर पंच सही करून गेल्यावर करावी.

पोलीस ठाण्यात नुसता अर्ज देऊन परत येऊ नये. गुन्हा दाखल करून घ्यावा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे फिर्यादीला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवता येते. तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावी, अशीही तरतूद याच संहितेत आहे. फिर्यादीत दागिन्याची नुसती किंमत नको. वजन, घडण, सोनाराची खूण, जे आठवेल ते लिहावे.

आणि कागद! लोक सोन्याची यादी देतात, कागदांची देत नाहीत. चोर पेटी किंवा बॅगच उचलून नेतो, तिच्यात मुलीची दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र सगळे एकत्र असते. विद्यार्थी मित्रहो, प्रवेशाच्या दिवसांत गळ्यातल्या पोतीपेक्षा ही पिशवी महाग असते, कारण पोत पुढेमागे करता येते, प्रवेशाची तारीख मागे येत नाही. म्हणून चोरीस गेलेला प्रत्येक कागद फिर्यादीत लिहून घ्यावा. त्या प्रतीच्या आधारावर दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा : गुणपत्रिकेसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे, जातीच्या दाखल्यासाठी जिथून तो मिळाला त्या उपविभागीय कार्यालयाकडे, वैधतेसाठी जिल्हा जात पडताळणी समितीकडे. डिजिलॉकर ही सरकारी सोय 2015 पासून आहे. त्यात आधीच नोंद केलेली असेल तर बरीचशी धावपळ वाचते. एटीएम कार्ड, चेकबुक आणि मोबाईलचे सिम त्याच दिवशी बंद करावे.

आता आम्हाला ज्यासाठी बोलायचे होते त्याकडे येतो. घरफोडी झाल्यावर दोन दिवसांत घरात एकच प्रश्न फिरू लागतो : कोणी केले? पोलिसांच्या आधी आपणच उत्तर काढतो. भांडी घासणारी बाई, रंगकाम करून गेलेला पोरगा, नोकरी नसलेला पुतण्या. कुणी भगताकडे जातो, तो नारळ फिरवून "जवळचाच माणूस आहे" असे सांगतो. जवळचे माणूस कुणाला नसते? तेवढ्यावर भावाभावांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद पडते. त्या बाईचे तर चार घरचे काम सुटते. पुढे चोर भलताच निघाला, तरी तिला "चुकले" म्हणायला कुणी जात नाही.

याहून मोठा संशय वस्तीबाहेरच्या पालांवर जातो. "पारध्यांचे काम असणार" हे वाक्य किती सहज तोंडातून निघते! ते आपले नाही, ते इंग्रज सरकारचे आहे. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि जन्मानेच माणूस चोर ठरू लागला. हजेरी, परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. हा कायदा देशभरातून 1952 साली गेला, ते लोक विमुक्त म्हणवले जाऊ लागले; संशय मात्र विमुक्त झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांनी घेतला आहे. मग आपल्या घरचे कुलूप तुटले म्हणून आपणच तो न्याय दुसऱ्याला लावावा काय? पोलिसांनी विचारले तर पाहिलेले सांगावे : अमुक दिवशी अमुक माणूस दारात दिसला. जात सांगू नये, तर्क सांगू नये.

दुसरा घाव घरातल्या बाईवर होतो. "तू कडी नीट लावली नसशील", "दागिने घरात ठेवायला कोणी सांगितले होते?" कटावणीने कोयंडा उचकटणाऱ्याला कडी नीट असली काय आणि नसली काय! लुटली गेली तीही, आणि बोलणी खाते तीही. घरातल्या पुरुषांनी येथे जीभ आवरावी.

भीतीचे म्हणाल तर ती बरेच दिवस राहते. रात्री भांडे वाजले की छातीत धस्स होते, मुले दिवा मालवू देत नाहीत. याला भित्रेपणा म्हणू नये. मुलांना खोटे न सांगता, झाले ते सांगावे, आणि दार दुरुस्त करताना त्यांना जवळ उभे करावे. किल्ल्या गेल्या असतील तर कुलपेही बदलावीत. दुरुस्ती लांबवू नये, कारण एकदा फुटलेले घर थोड्या दिवसांत पुन्हा फुटण्याचा धोका अधिक असतो. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथील कर्कहोल्ट या कामगार वसाहतीत 1980 च्या दशकात हे ध्यानात घेऊन एक प्रयोग झाला. फुटलेल्या घराच्या भोवतालच्या सहाएक घरांनी त्या घरावर नजर ठेवायची. शिवाय नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर, ज्यांतील पैशांसाठी चोर येत, ते काढून टाकले. तेथील घरफोड्या पुष्कळ घटल्या. आपल्या चाळीत सहा घरे हाकेच्या अंतरावरच असतात. पहिले आठ-दहा दिवस कुणी तरी सोबतीला झोपायला जावे, एक वेळचा डबा द्यावा. "किती तोळे गेले?" हा प्रश्न मात्र दारात उभे राहून विचारू नये.

शेवटी, माल सापडला तर काय? तो मुद्देमाल म्हणून ठेवला जातो, आणि खटला संपेपर्यंत मिळणार नाही असे समजून लोक गप्प बसतात. तसे नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन अशा वस्तू मालकाला लवकर द्याव्यात. ठाण्यात पडू देऊ नयेत. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि वस्तू आपलीच हे दाखवावे लागते. जुन्या दागिन्यांच्या पावत्या फार थोड्या घरांत सापडतात. लग्नाचा अल्बम मात्र बहुतेक घरांत असतो, आणि त्यात नवरीच्या गळ्यातली पोत, कानातली फुले, हातातल्या पाटल्या स्पष्ट दिसतात. तो माळ्यावरून काढावा, त्यातले चांगले फोटो निवडावेत आणि अर्जाला जोडावेत.