माझं लग्न चिखलात झालं नव्हतं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' जमतील तेवढे काढलेत, काही राहिलेत.)

आज पाहुणा नाही, मीच बोलणार आहे. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. तू आठवडाभर पुण्यात कोड लिहितोस, शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन सातारा-सांगली करतोस, कधी फुलं, कधी फौजी, कधी पुरात भिजलेले अल्बम. हे सगळं कशासाठी? पैसे मिळतात का?

नाही मिळत. उलट जातात. आणि 'कशासाठी' याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं होतं. पहिल्या दोन वेळी तर ते सांगायला जरा लाज वाटेल असंच होतं.

पहिलं कास. मी मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे कास म्हणजे घरचंच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं आणि आमच्या डोळ्यांदेखत तिथली गर्दी वाढली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सेकंडहँड डीएसएलआर घेतला आणि प्रोजेक्टला नाव दिलं 'पठार'. नाव भारी होतं. हेतू एवढाच की इन्स्टाग्रामवर लोकांनी वाहवा करावी. एकदा सीतेची आसवं अगदी जमिनीलगत टिपायची म्हणून मी कातळावर पालथा पडलो. तिथं देखरेखीला असलेल्या गावातल्या एक मावशी आल्या नि म्हणाल्या, "बाळा, समोरच्या फुलाचा फोटू काढायलायस, पण कोपराखाली काय चिरडलंय ते बघ की." बघितलं तर दवबिंदूची लालसर रोपं. त्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो, रोप उपटलं की मातीही जाते. मी उठलो, कपडे झटकले. प्रोजेक्ट तिथंच संपला. फोटो अजून हार्डडिस्कवर आहेत, बरे आहेत, पण उघडून बघावेसे वाटत नाहीत.

दुसरं अपशिंगे. साताऱ्याजवळचं हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ गावात आहे, आणि घरटी कुणी ना कुणी फौजेत. माझे वडिलांकडचे आजोबा फौजेतच होते, मी लहान असताना गेले. तर मला वाटलं, निवृत्त जवानांचे पोर्ट्रेट करू. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं : ओसरीवर एकटा म्हातारा, नजर लांब कुठंतरी, कडेनं उजेड. प्रत्यक्षात काय झालं? एका सुभेदारसाहेबांकडे गेलो, तर ते आत गेले आणि पंधरा मिनिटांनी इस्त्रीचा कोट, मेडल, टोपी घालून बाहेर आले. छाती पुढं, टाच टाचेला. मी म्हटलं, "काका, जरा सैल बसा ना, तिकडं बघा." ते म्हणाले, "सैल कशाला? फोटो आहे ना?"

मी गपचूप दोन्ही काढले. त्यांना पाहिजे तो आणि मला पाहिजे तो. प्रिंट द्यायला गेलो तेव्हा माझा फोटो त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला. काहीच बोलले नाहीत. मी आजोबांना शोधत होतो आणि त्या माणसाला माझा आजोबा व्हायचं नव्हतं, हे मला परतीच्या एसटीत कळलं.

इथं थोडं विषयांतर करतो. संदेश भंडारे यांची दोन पुस्तकं कुठं मिळाली तर जरूर बघा : 'तमाशा : एक रांगडी गंमत' आणि 'वारी : एक आनंदयात्रा'. एकाच माणसानं दोन्हीकडे कॅमेरा नेलाय. आमच्या भागाला तमाशा नवा नाही. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू कवलापूरचे, दोन्ही गावं सांगली जिल्ह्यातली. पण आपल्याला माहीत असतं ते स्टेज. त्या पुस्तकात स्टेजमागचं जगणं आहे. किंवा सुधारक ओलवे घ्या. वृत्तपत्रात फोटोग्राफर असलेल्या या माणसानं मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम आणि आयुष्य टिपलं. २०१६ ला पद्मश्री मिळाली, पण ते फोटो त्याच्या कितीतरी आधीचे. या लोकांची कामं बघताना मी स्वतःला विचारायचो, यांच्यासमोरची माणसं यांना एवढं जवळ येऊ देतात, मग माझा फोटो उलटा का ठेवला गेला?

आता तिसरं. खरं तर यासाठीच आज बोलतोय.

माझं आजोळ सांगलीचं, गावभागातलं. बीटेकही सांगलीतच केलं, चार वर्षं आजीच्या हातचं जेवलो. २०१९ च्या जुलैत पुण्यात नोकरीला लागलो आणि ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली, सांगलीत शिरायचे रस्ते बंद. मी पुण्यात फोनवर व्हिडिओ बघत बसलो. आजीला मामानं बोटीतून बाहेर काढलं. पिशवीत औषधं, चष्मा, पासबुक.

अल्बम आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ते सुरक्षित आहेत असंच वाटत होतं. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. त्या खुणेच्या वर हातभर अंतर ठेवून मामानं फळी ठोकलेली, सगळं महत्त्वाचं तिच्यावर. गावभागात बऱ्याच जणांनी असाच हिशोब केला होता. पाणी फळीच्याही वर गेलं.

मी पोचलो तेव्हा मामानं फोटो गच्चीवर उन्हात वाळत घातले होते, पापडासारखे. ते वळले होते आणि एकमेकांना चिकटले होते. रंगीत प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यानं फुगतो. ओला असताना स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सोडवता येतो, पण गठ्ठ्यातच वाळला की प्लॅस्टिकला कायमचा धरून बसतो. हे मला नंतर कळलं. इंकजेट प्रिंट तर नुसते रंगाचे ओघळ झाले होते. टिकले ते जुने, स्टुडिओतले कृष्णधवल.

मी खिडकीपाशी टेबल लावलं, दोन बाजूंना पंचेचाळीस अंशात दिवे, वर कॅमेरा, आणि एकेक फोटो टिपत गेलो. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि त्यांची पिशवी घेऊन परत आल्या. पुढच्या काही महिन्यांत अकरा घरांचे फोटो झाले. तेव्हा हेतू अगदी सरळ होता. पूर आला तेव्हा मी नव्हतो, निदान एवढं तरी करावं.

मग गडबड झाली. स्क्रीनवर ते फोटो मोठे करून बघताना मला डाग आवडायला लागले. आजीच्या लग्नाच्या फोटोवर गाळाची तपकिरी रेघ आडवी गेली होती, आजोबांचा अर्धा चेहरा विरघळलेला, आजी मात्र स्वच्छ. काय चित्र होतं ते! पुण्यात मित्रांनी मिळून छोटं प्रदर्शन केलं, तिथं मी तो तीन फुटी प्रिंट लावला. सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच. मी हौसेनं आजीला घेऊन गेलो.

ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "माझं लग्न चिखलात झालं नव्हतं रे."

दुसऱ्या दिवशी प्रिंट उतरवला. खोटं नाही सांगत, उतरवताना जिवावर आलं होतं. माझा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला फोटो तो, आणि तो मी काढलेलाही नव्हता.

आजीला पाहिजे होता डाग नसलेला फोटो. म्हटलं, सॉफ्टवेअरवाला आहे, हे तर सोपं. अलीकडे एआयच्या टूलला दिला. दहा सेकंदांत आजोबांचा अख्खा चेहरा आला, गुळगुळीत, देखणा. आजीनं चष्मा वर-खाली करून बघितलं आणि विचारलं, "हा कोण?" डाव्या गालावरचा मस गायब होता. टूलला मस माहीत असणार कसा? फाइल डिलीट केली.

आता पद्धत बदललीय. प्रत्येक घराला आधी त्यांच्या मनासारखी प्रत, मग विचारायचं की डागांसकट ठेवू का. बहुतेक जण नको म्हणतात. एका काकांनी मात्र वडिलांचा पुसलेला फोटो तसाच मोठा करून मागितला. का, ते मी विचारलं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा आजीची पिशवी आधी भरलेली होती. अल्बम सगळ्यात वर.

आणि मध्यंतरी कळलं की त्याच लग्नाचा दुसरा प्रिंट मिरजेत आजोबांच्या चुलतबहिणीकडे आहे. फोन केला. त्या म्हणाल्या, "फोटो भिंतीवर आहे, आणि मी तो खाली काढायची नाही. तुला काय करायचं ते इथं येऊन कर." तर येत्या रविवारी स्टूल, दोन दिवे आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन मिरजेला जातोय. आजीही येणार म्हणते.