मोकळी जागा म्हणजे काय?



चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "नगररचनेत तू नेमकं करतोस काय?" शहरात नव्या बांधकामासाठी मोकळी जागा शोधतो. भूगोलाच्या तासाला सर नकाशात नदी शोधायला लावायचे, तसंच वाटतं ना?

पण नकाशावर पांढरी दिसणारी जागा रिकामी असेलच असं नाही. आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढायची, इतर हक्कांत कूळ, बोजा आहे का बघायचं. मग विकास आराखड्यातलं आरक्षण. नदीकाठी पूररेषा: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

'मोकळी' या शब्दाची किंमत मुंबईच्या गिरण्यांनी दाखवली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमात त्या जमिनींचे ढोबळमानाने तीन वाटे होते: उद्यान-मैदानांना, म्हाडाच्या घरांना आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीत तर शेडच शेड! शहराचे दोन्ही वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

माझी चूकही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावातली जागा मी 'रिक्त' लिहिली. कागद स्वच्छ होते, जागेवरही जाऊन आलो होतो, पण सोमवारी. बुधवारी तिथे आठवडी बाजार भरायचा. आज तिथे गाळे आहेत, आणि भाजीवाल्या बायका रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या धुरात बसतात. तेव्हापासून मी प्रत्येक जागेवर तीनदा जातो: सकाळी, संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी.

आता आपलं काम. शाळेमागचं मैदान, जिथे बाईंनी आपल्याला खो-खो शिकवला, तेही नकाशावर पांढरंच आहे. काल मी मिळकत पत्रिका पाहिली. जागा शाळेच्या नावावर आहे, पण आराखड्यात 'खेळाचे मैदान' अशी नोंद नाही. नव्या आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. तेव्हा आपण सगळ्यांनी सह्या करून अर्ज द्यायचा. मसुदा मी लिहितो. मराठीच्या बाईंनी तेवढं शुद्धलेखन तपासून द्यावं.