सरवा वेचणाऱ्या बाया

आमच्या बचत गटात तक्त्यांवरची आणि पिशव्यांवरची चित्रं आम्हीच काढतो. काढायला बसलो की एक जुनं चित्र समोर ठेवतो. फ्रान्सच्या ज्याँ फ्रांस्वा मिले यांनी ते १८५७ साली काढलं. शेत कापून झालंय आणि तीन बाया मागं पडलेल्या ओंब्या वेचताहेत. आपण त्याला सरवा म्हणतो.

दोघी पार वाकल्यात, तिसरी अर्धवट. लांब मागं उंच गंज्या, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम, पण सगळं बारीक. मोठ्या दिसतात त्या या बायाच. पॅरिसच्या प्रदर्शनात बऱ्याच टीकाकारांना गरीब बायांना दिलेला हा मोठेपणा खुपला.

आमच्याकडं चित्र मागणारे एक तर हात पसरलेली बाई मागतात, नाहीतर नटलेली. मिले यांनी या बायांची कीव केली नाही. कष्ट किती, ते पाठीच्या रेषेतूनच दाखवलं. म्हणून मजूर बाई काढताना आम्ही आधी तिची पाठ आणि हात बघतो. तुम्हीही बघा. आणि शेतातली मजुरी ठरवताना ती पाठ आठवा.