आमची एका रात्रीची तपासणी



सिंधीपुऱ्यात रात्रंदिवस मागांचा खडखडाट. आमच्या मोडक्या झोपेचे खापर आम्ही त्याच्यावरच फोडीत होतो. घरातून सांगणे होई, "झोपेत तुमचा श्वास थांबतो." आम्ही ते हसण्यावारी नेले. पण भूगोल शिकविताना खुर्चीतच डोळा लागला, मुले हसलीही नाहीत, तेव्हा शरम वाटली.

इंदुरास रात्रभर डोक्याला, छातीला तारा व बोटाला चिमटा लावून निजविले. किमान १० सेकंद श्वास अडला की नोंद! तासाला ५ हून कमी नोंदी ठीक, ३० पासून पुढे गंभीर. आमच्या ३८ निघाल्या. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला, नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय आता चालू आहे. मुखवटा पाहून धाकटी प्रथम रडली. समोर घोरणारे बरेच बसले आहेत. त्यांच्या घरच्यांनी एक रात्र घड्याळ घेऊन जागावे.