जोडी खरंच जोडी आहे का?

छत्रपती संभाजीनगरहून मी बोलतोय. आजचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा: "दुकानदार जोडी म्हणून देतोय, पण नर-मादी ओळखायचे कसे?"

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा बजी असतो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. जाडसर आणि आखूड शेपटीचा.

बजी सोपा. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मऊ भाग असतो. मोठ्या नराचा तो निळा, मादीचा पांढरट किंवा तपकिरी. मात्र लहान पिल्लांत रंग पक्का नसतो. आणि लाल डोळ्यांच्या पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या नराचा तो मोठेपणीही गुलाबी-जांभळटच राहतो. इथेच लोक फसतात.

खऱ्या लव्हबर्डमध्ये, म्हणजे पीचफेस, फिशर वगैरे, नर-मादी दिसायला सारखेच. दोन माद्यासुद्धा जोडीसारख्या राहतात, अंडी घालतात. ढीगभर अंडी, पिल्लू एकही नाही! खात्री हवी तर डीएनए टेस्ट. उपटलेली ताजी पिसं किंवा रक्ताचा थेंब पुरतो. गंमत म्हणजे पक्ष्यांत पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरतं. दोन वेगळी गुणसूत्रं तिच्याकडे असतात.

आता म्हणाल, कळून करायचंय काय? ऐका. मादी एकटी असली तरी अंडं घालू शकते, आणि ते पोटात अडकलं तर जिवावर बेततं. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, जोर लावतेय असं दिसलं, तर घरगुती उपाय नकोत. थेट पक्ष्यांचा डॉक्टर गाठा. एरवी पिंजऱ्यात समुद्रफेस ठेवा, कॅल्शियम मिळतं. आणि निळ्या नाकाचा नर तपकिरी व्हायला लागला तर 'अरे, ही मादी निघाली' म्हणून हसू नका. वृषणातल्या गाठीचं ते लक्षण असू शकतं.

राहिला आपला हिरवा पोपट. गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला मोठा नर. मादीला आणि लहान नराला तो कंठ नसतो. पण ही ओळख झाडावरच्या पोपटासाठी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पाळणं गुन्हा आहे. हिमायत बागेत जा, मान वर करा आणि कंठ शोधा. फुकट आहे!

तुमच्या बजीचं नाक कुठल्या रंगाचं? कळवा. भेटू पुढच्या भागात.